पोत्यांच्या खोलीतला पाळणा

सुगीची पोती घरात आली की आमच्या घरातला आवाज बदलतो. हे कोणाला सांगितलं तर हसतील, म्हणून मी सहसा सांगत नाही. एरवी आमची मागची खोली रिकामी असते. तिथे नुसतं खाकरलं तरी भिंती परत खाकरतात. मग मार्गळी महिन्याचं धुकं विरतं, जानेवारीच्या मध्यावर तै महिना लागतो, सांबा हंगामाचं भात कापून होतं आणि आमच्या वाट्याची पोती टेंपोतून उतरून त्या खोलीत तिन्ही भिंतींना छताच्या जरा खालपर्यंत रचली जातात. त्यानंतर तिथे बोललेला शब्द तोंडातून निघतो आणि तिथेच निजतो. कुठे आपटत नाही, परत येत नाही. आपणच आपल्या कानाशी बसून बोलतोय असं वाटतं.

आज सकाळी पोती आली. हमालांनी शेवटचं पोतं टाकलं आणि ते कापी प्यायला पुढे गेले, तेव्हा मी एकटाच आत उभा राहिलो. तागाचा वास, नव्या भाताचा ओलसर, थोडा दुधासारखा वास, आणि उन्हाच्या पट्ट्यात तरंगणारी तुसाची धूळ. मी हळूच एक टाळी वाजवली. टाळी कापसात पडावी तशी पडली. आणि गेल्या वर्षीचा तै महिना माझ्याभोवती येऊन बसला.

मला हे नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही. मराठी ही आमच्या घरात बोलायची भाषा. उंबरठ्याबाहेर तमिळ. लिहायची अक्षरं मी हिंदीच्या शिकवणीत शिकलो आणि ती मराठीला लावली. अक्का हसते, "तू मराठी लिहितोस की रांगोळीचं कोलम काढतोस?" तरी ही गोष्ट त्याच भाषेत घडली, म्हणून तिच्यातच लिहितो.

आमचं गाव पापनाशमच्या जवळ, कालव्याला लागून. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. रोज बसने तंजावूरला जातो, भौतिकशास्त्र शिकतो. अप्पा गावाच्या टोकाला असलेल्या भाताच्या गिरणीत यंत्रावर आहेत, माझ्या जन्माच्या आधीपासून. कॉलेजात गेलो त्या पहिल्या महिन्यात त्यांनी विचारलं होतं, "काय शिकवतात रे तिथे?"

"आवाज. आवाज म्हणजे हवेची हालचाल, अप्पा."

"असं की?" ते म्हणाले. "मग आमच्या गिरणीत हवा फार हलते."

त्यांच्या बोलण्यात थट्टा किती आणि खरं किती, हे मला अजून कळत नाही.

गिटार मला सेल्वमने दिली. सेल्वम माझा वर्गमित्र. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत त्याच्या भावाचं लग्नकार्यांना माईक आणि लाउडस्पीकर भाड्याने देणारं दुकान आहे. तिथे एका खुंटीवर ती कितीतरी दिवस धूळ खात होती. तिच्या पोटात वायर जोडायची सोय होती, पण तारा गंजलेल्या. मी तारा बदलल्या आणि घरी घेऊन आलो. आईने तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हे आणखी एक आलं अडगळीत." मग तिनेच जुन्या साडीचं गवसणं शिवून दिलं.

अक्का, माझी थोरली बहीण, लग्न होऊन मस्कतला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत, तमिळ शेजाऱ्यांचीही. आईने मार्गळीपासून तयारी चालवली होती. सुंठ कांडून ठेवली, मऊ धोतरांची दुपटी केली. आणि मग अक्काचा फोन आला की डॉक्टर विमानात बसू नको म्हणतात. आई त्या दिवशी स्वयंपाकघरातच उडीद भाजत बसली, डांगराचं पीठ करायला. दह्यात कालवलेली डांगर पचडी अक्काला फार आवडते. अक्का येणार नाही हे ऐकल्यावरही आई ते भाजतच राहिली. घरभर खमंग वास.

दोन-तीन दिवसांनी अक्काने मला एकट्याला फोन केला.

"रघू, पाळणा धाडशील काय?"

"लाकडाचा?"

"वेडा रे. अप्पांचा. म्हणण्याचा. इथे पाळण्यात घालतील तेव्हा कोण म्हणणार? नवऱ्याकडचे लोक मोबाईलवर काहीतरी लावतील. मला अप्पांच्या आवाजात पाहिजे."

"फोनवर म्हणायला सांग की त्यांना."

"फोनवर अप्पा ओरडतात. मूल उठून बसेल." ती हसली. मग हसणं अर्ध्यात थांबलं. "नीट कर रघू. तू शिकतोस ना तेच? नीट करून धाड."

पाळणा म्हणणं हे बायकांचं काम. आमच्या घरात तेवढं उलटं झालं. अक्काला पाळण्यात घातलं त्या दिवशी बायका जमल्या आणि आईच्या तोंडून सूर निघेना. तिला सूर नाही, ती स्वतःच सांगते. तेव्हा दारात उभे असलेले अप्पा तिथूनच म्हणू लागले. त्यांच्या आईकडून ऐकलेला पाळणा, कुठल्या पुस्तकात नसलेला. 'निज निज बाळा, वाफ्यात पाणी निजलं' असा सुरू होतो आणि मग एकेक करून सगळ्यांना निजवत जातो: बगळ्यांना, बैलांना, कालव्यावरच्या नारळांना. शेवटी म्हणणारालाच. बायकांनी आधी तोंडाला पदर लावले, मग ऐकत राहिल्या. त्यानंतर नात्यात कुठेही बारसं असलं की अप्पांना बोलावणं यायचं. मी लहान असताना त्यांच्याबरोबर मोपेडवर पुढे उभा राहून कितीतरी बारशांना गेलो आहे. वाऱ्यात ते पाळणा गुणगुणायचे आणि माझ्या डाव्या खांद्यावर त्यांची हनुवटी असायची.

मग कधीतरी ते जायचे थांबले. कोणी बोलवलं तर म्हणत, "आता जमत नाही. बायकांच्या आवाजात आवाज मिसळत नाही." आम्हाला वाटलं, वय झालं, लाज वाटत असेल.

अक्काचं मागणं मी जेवताना सांगितलं. अप्पांनी भातावर रसम घेतलं, कालवलं, आणि म्हणाले, "नातवाला गिरणीवाल्याचा आवाज कशाला?"

"तुमच्यापाशी दुसरं आहे काय द्यायला?" आई त्यांच्या उजव्या हाताला बसते, तिथूनच म्हणाली. अप्पा ताटाकडे पाहत राहिले. तिने तेच पुन्हा जोरात म्हटलं, तेव्हा हसले. "ते खरं," म्हणाले.

सेल्वमने एक छोटी पेटी दिली. माईक आणि गिटार दोन्हींचा आवाज संगणकात नेणारी. तिला दोन भोकं, एकात माईक, एकात गिटार, आणि हेडफोनसाठी आणखी एक. एकाचे दोन करणारी लहानशी वायर लावून मी दोन हेडफोन जोडले. माईकपाशी अप्पा पोत्यांच्या खोलीत, कारण तिथला आवाज शांत. मी बाहेर, मधल्या खोलीत, गिटार घेऊन. दोघे एका खोलीत बसलो असतो तर गिटारही माईकमध्ये शिरली असती, मग वेगळी करता आली नसती. मध्ये बंद दार, दाराखालून गेलेल्या वायरी. एकमेकांना आम्ही दिसत नव्हतो. एकमेकांपाशी पोचायचा रस्ता तो हेडफोनच.

वेळ दुपारची. पहाटे देवळाचा लाउडस्पीकर, मग कापणीच्या यंत्रांची घरघर, संध्याकाळी बसचे हॉर्न आणि शेजारच्या घरातल्या मालिका. दुपारी जेवणानंतर मात्र यंत्रवाले चिंचेखाली आडवे होत. अप्पा गिरणीतून जेवायला येत आणि परत जायच्या आधी थोडे पडत. ती त्यांची झोप मी मागून घेतली. अशा दुपारी गाव पाण्याखाली असल्यासारखं वाटतं. लांब कुठेतरी एखादा मोर ओरडतो, पेंढ्याच्या गुंडाळ्या शेतात निवांत पडलेल्या असतात, आणि छपराच्या फटीतून येणारी उन्हाची काठी जमिनीवर इतकी हळू सरकते की ती हललेली कळत नाही, सरकून गेलेली तेवढी कळते.

पहिल्या दिवशी आवाज संगणकातून फिरून हेडफोनमध्ये येत होता, थोडा उशिरा. अप्पा दार उघडून बाहेर आले. "आत कोणीतरी आहे रे. मागून माझी नक्कल करतो." मी सेल्वमला फोन केला. त्याने सांगितलं ते बटण दाबलं, आणि आवाज पेटीतूनच थेट कानात येऊ लागला. नक्कल करणारा गेला. पण आता अप्पांचा आवाज माझ्या डाव्या कानात आणि गिटार उजव्या कानात अशी फाळणी झाली.

"सेल्वम, एक इकडे, एक तिकडे येतंय."

"असू दे डा. ध्वनिमुद्रणात फरक पडत नाही. नंतर दोन्ही मधे आणू." त्याचा 'डा' म्हणजे आपला 'रे'.

मी ते तसंच राहू दिलं. खरं सांगायचं तर मला ते आवडलं होतं. डोळे मिटले की डावीकडे अप्पा, उजवीकडे मी. कालव्याच्या या काठावर एक जण आणि त्या काठावर दुसरा, आणि मधून पाणी चाललंय. त्यांचा श्वास, ओठ उघडल्याचा बारीक आवाज, घोटलेला आवंढा, सगळं माझ्या डाव्या कानाच्या आत. इतक्या जवळून मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. आमच्या घरात कोणी कोणाच्या इतकं जवळ बसत नाही.

पण ते गिटारबरोबर येत नव्हते. मी सूर द्यायचो, ते त्याच्या जरा खालून सुरू करायचे, मग वर जायचे, मग आणखी कुठे. मी ओळ संपवून थांबायचो, ते पुढच्या ओळीत गेलेले असायचे. दार उघडून मी विचारायचो, "अप्पा, गिटार ऐकू येते काय?"

"येते, येते."

"मग तिच्याबरोबर म्हणा."

"बरं."

आणि पुन्हा तसंच. दुपारमागून दुपार. मी गिटारचा आवाज वाढवला, इतका की माझाच उजवा कान दुखायला लागला. तरी तेच. गिटार गुंडाळून ठेवून नुसता त्यांचा आवाज घ्यावा असंही मनात आलं. पण तोही आता जागेवर नव्हता. कशाचा तरी आधार शोधत फिरत होता. पुढच्या आठवड्यात व्यापाऱ्याचा टेंपो येऊन पोती जाणार होती. पोती गेली की खोली पुन्हा खाकरायला लागणार. आणि अक्काचा निरोप आला होता, मुलगा झाला, बारसं ठरलं.

त्या दिवशी मुलगा झाल्याची साखर वाटून झाल्यावर अप्पा पोत्यांच्या खोलीत गेले नाहीत. पुढच्या पडवीत बसून मोपेडची साखळी पुसत राहिले. मी गिटार घेऊन उभा.

"राहू दे रघू," ते म्हणाले. "नसतं सगळं जाग्यावर राहत. आटलं असेल. तू तुझं वाजव, छान वाजतं म्हणतात सगळे. तेच धाड."

"अप्पा, अक्काला तुमचा—"

"तिला सांग, अप्पांना पडसं झालंय."

ते हे हसतच म्हणाले. साखळीवरचं फडकं फिरत राहिलं. त्या क्षणी मला पाळण्याची काळजी वाटली नाही. वाटलं, हा माणूस आपलं एकुलतं गाणं खाली ठेवतोय, आणि ते ठेवायला मीच लावलं. मी त्यांना ती पेटी आणून दिली नसती, तर त्यांना निदान असं वाटत राहिलं असतं की म्हणायचं ठरवलं तर येईल.

आई आतून म्हणाली, "पडसं म्हणे. सकाळी दोनदा वाढून खाल्लंत ते कोणत्या नाकाने?"

दुसऱ्या दिवशी तिनेच त्यांना जेवणानंतर खोलीत ढकललं. मी बाहेर तारा जुळवत होतो. रोज अप्पांच्या डोक्यावर हेडफोन मी चढवून द्यायचो. त्या दिवशी माझे हात गुंतलेले होते, म्हणून त्यांनी स्वतःच घालून घेतला आणि दार लावलं.

मी सूर दिला. आणि माझ्या डाव्या कानात अप्पा त्याच सुरावर उतरले. बगळा पाण्यात पाय ठेवतो तसे, थेंब न उडवता. मी ओळ संपवून थांबलो, तेही थांबले. मी तार छेडली, त्यांनी पुढचा शब्द उचलला. बैल निजले, नारळ निजले. मला भीती वाटायला लागली की आता कोणीतरी हॉर्न वाजवेल. कोणी वाजवला नाही. आवाज थोडा चिरका होता, एरवीपेक्षा मोठा. पण आम्ही बरोबर चालत होतो.

दार उघडून ते बाहेर आले, चेहऱ्यावर घाम आणि हसू.

"आज किती गोड वाजवलंस रे! इतके दिवस का वाजवलं नाहीस?"

"रोज वाजवतच होतो की, अप्पा."

"हो?" ते म्हणाले. "मला वाटलं, त्यात फक्त आपलाच आवाज येतो."

मी हसलो. आणि हसता हसता माझं लक्ष त्यांच्या हेडफोनच्या वायरीकडे गेलं. ती डाव्या कानापासून निघते. त्या दिवशी ती उजव्या खांद्यावरून लोंबत होती. त्यांनी तो उलटा घातला होता. रोज उजव्या कानात जाणारी गिटार आज डाव्या कानात गेली होती.

ते पाणी प्यायला आत गेले. मी पोत्यांच्या खोलीत जाऊन एका पोत्यावर बसलो.

मग कायकाय आठवत गेलं, ते नीट रांगेत सांगता येणार नाही. फोन नेहमी डाव्या कानाला. बसमध्ये नेहमी उजवीकडची, खिडकीकडची जागा, आम्ही सगळे त्यांच्या डाव्या हाताला. मोपेडवर माझ्या डाव्या खांद्यावर टेकलेली हनुवटी, म्हणजे त्यांचा डावा कान बाहेर, रस्त्याकडे मोकळा. आणि गिरणी. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन जायचो तेव्हाची गिरणी. पट्ट्याचा फटफटाट, पांढरी धूळ, पांढऱ्या भुवयांचे अप्पा, धान उतरायच्या तोंडाशी उभे, उजवं अंग यंत्राकडे. तिथे कोणी बोलत नाही, हातांनी खुणा करतात. मला वाटायचं, ही गिरणीतली गंमत आहे. माझ्या जन्माच्या आधीपासून ते त्याच जागी उभे आहेत, तेच अंग त्याच आवाजाकडे करून.

रस्त्याने चालताना ते मला कायम डावीकडे घेतात. अजूनही, मी त्यांच्यापेक्षा उंच झालो तरी. मला नेहमी वाटत आलं की गाड्यांपासून वाचवायला. तेही असेलच. पण त्याशिवाय मी काय बोलतोय ते त्यांना ऐकू यावं म्हणूनही असेल.

मी कोणाला काही बोललो नाही. धाडस झालं नाही. सेल्वमला विचारलं, दोन्ही आवाज दोन्ही कानांत सारखे कसे आणायचे. तो म्हणाला, पुढेच एक छोटं बटण आहे डा, मोनो लिहिलेलं, दाब. इतकंच. पेटीच्या कपाळावर ते बटण सगळे दिवस माझ्याकडे बघत होतं.

दुसऱ्या दुपारी मी हेडफोन त्यांच्या डोक्यावर नीट चढवला. "काल सेटिंग चुकलेलं होतं, अप्पा," म्हणालो. "पुन्हा एकदा घेऊ. तुम्ही सांगाल तसं करतो."

बाहेर येऊन एक तार छेडली.

"ऐकू येते?"

या वेळी 'येते, येते' आलं नाही. जरा थांबून आतून आवाज आला, "माझा आवाज फार मोठा येतो. तुझी कमी."

मी पेटीवरची, माईकचा आवाज कमीजास्त करायची खुंटी थोडी मागे घेतली.

"आता तू फार. मला बोलू दे की जरा."

मी गिटार कमी केली.

"थोडी वर. थोडीच. हां. थांब, थांब तिथे."

माझ्या बोटाखाली ती खुंटी गव्हाच्या दाण्याएवढी हलली असेल. मी थांबलो. माझ्याही कानांतला कालवा नाहीसा झाला होता. हा काठ आणि तो काठ राहिला नव्हता. अप्पा आणि मी, दोघे माझ्या कपाळाच्या आत, एकाच चटईवर. खरं म्हणजे थोडं वाईट वाटलं. डाव्या कानात एकटे असलेले अप्पा फार जवळचे होते. पण आतून त्यांनी दोन ओळी गुणगुणल्या आणि म्हणाले,

"आता कसा तू आत आलास."

मग त्यांनी पाळणा म्हटला. पहिल्यापासून म्हणणाराला निजवण्यापर्यंत. मध्ये एकदा मोर ओरडला, तो राहू दिला. अक्काला मोराशिवाय आमचं गाव खरं वाटलं नसतं.

बारशाला तो वाजला. अक्काने सांगितलं की तिथल्या बायकांनी विचारलं, हे कोण म्हणतंय, आणि कुठली मराठी आहे ही. ती म्हणाली, आमची. पोती दोन दिवसांनी गेली. खोलीला पुन्हा खाकरा आला. त्या वर्षी चैत्रापर्यंत अप्पा दोन बारशांना जाऊन आले. निघताना मी त्यांना एवढंच म्हणालो, पाळण्याच्या उजव्या अंगाला उभे राहा, म्हणजे बायका तुमच्या डाव्या हाताला येतील. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "का?" विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

आता पुन्हा पोती आली आहेत. आणि या वेळी अक्काही आली आहे, मुलाला घेऊन. तो एक वर्षाचा होत आलाय. तुसाची धूळ नाकात गेली की शिंकतो आणि शिंकल्यावर स्वतःच दचकतो. मला सकाळी आठवण आली ती त्या वासाने, की बाहेरून ऐकू आलेल्या त्याच्या शिंकेने, सांगता येत नाही.

दुपारी सगळे मागच्या खोलीतच बसलो होतो, पोत्यांना टेकून. तिथे गार असतं. मूल पेंगुळलं होतं. अक्काने ते उचललं आणि अप्पांच्या उजव्या खांद्यावर ठेवलं.

"या बाजूला नको गे," अप्पा म्हणाले. आणि त्याला अलगद फिरवून डाव्या खांद्यावर घेतलं, गालाला गाल लावून.

"का? तिकडे काय आहे?"

मी मांडीवरच्या गिटारच्या तारांकडे बघत राहिलो. अप्पांनी मुलाची पाठ थोपटली. मग इतक्या साधेपणाने म्हणाले, जणू गिरणीला कोणता वार सुटी ते सांगताहेत,

"तो कान गिरणीला दिला. हा तुमचा."

अक्का माझ्याकडे बघायला लागली. पोत्यांच्या खोलीत शांतता सुद्धा निजल्यासारखी असते. ती आईनेच मोडली.

"मला काय ठाऊक नाही? म्हणून तर जे बोलायचं ते मी त्या गिरणीच्या कानाच्या बाजूने बोलते."

अप्पा इतके हसले की मुलाने डोळे उघडले, त्यांचा कान मुठीत धरला, आणि पुन्हा मिटले.

"रघू," अप्पा कुजबुजले, "वाजव. हळू."

या वेळी मध्ये दार नव्हतं, वायर नव्हती, पेटी सेल्वमकडे होती. मी गिटार घेऊन उठलो आणि त्यांच्या डाव्या हाताला जाऊन बसलो. मुलाचं डोकं माझ्या आणि त्यांच्या मध्ये होतं. तार छेडून मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी हनुवटीने खूण केली, थोडी कमी. मी कमी केली. थोडी वर. मी वर आणली.

"हां," ते म्हणाले. "तिथे थांब."